न पुसलेली निळी बकरी

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि मधला भाग हनुवटीखाली दाबून धरला होता, कारण खालची बाजू गच्चीच्या फरशीला लागली असती तर सकाळची सगळी धुलाई पाण्यात गेली असती. मोठी चादर एकटीने घडी करणं म्हणजे एका हाताने टाळी वाजवणं. निम्मी घडी झाली होती, निम्मी वाऱ्यावर होती. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, भर दुपारी गच्चीत येऊन उभे राहिले. भर दुपारी भाऊजी घरी कधी येत नाहीत. ताप असला तरी प्रेसमध्ये जातात आणि तिथे तापतात.

"बरं नाही का?" मी हनुवटीखालून विचारलं.

त्यांनी चादरीची खालची टोकं उचलली, दोन पावलं मागे गेले आणि चादर ताणून धरली. मग म्हणाले, "वहिनी, मागचं वर आलं."

चादर आमच्या दोघांमध्ये तशीच ताणलेली राहिली.

हे "मागचं" काय, ते सांगायला हवं. भाऊजी दगडी छापखान्यात काम करतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, तिथे दगडावर टाकीने अक्षरं कोरतात. तसं नसतं. गुळगुळीत घासलेल्या जाड दगडावर चित्रकार तेलकट खडूने चित्र काढतो, तेही उलटं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. मग एकाने ओल्या स्पंजने दगड पुसायचा आणि समोरच्याने शाईचा रूळ फिरवायचा. जिथे पाणी बसतं तिथे शाई बसत नाही, आणि खडूच्या रेघेवर पाणी बसत नाही. तेल आणि पाण्याचं हे जुनं भांडण, त्यावर प्रेसमधल्या सगळ्यांची पोटं चालतात. दर रंगाला वेगळा दगड. काम संपलं की वाळू आणि पाणी घालून, वर लोखंडी तवा फिरवून दगड घासायचा, जुन्या चित्राचा मागमूस ठेवायचा नाही, आणि मग त्यावर नवं चित्र. घासण्यात कसर राहिली तर सुरुवातीचे कागद बरे निघतात, आणि मग हळूहळू नव्या चित्राच्या आडून जुनं डोकावायला लागतं. प्रेसमध्ये ह्यालाच "मागचं वर आलं" म्हणतात. नवशिक्यांकडून होतं. भाऊजींकडून कधी झालं नव्हतं.

"काय वर आलं?" मी विचारलं.

"बकरी," भाऊजी म्हणाले. "मुख्याध्यापकांच्या खांद्यावर."

मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

आमच्या भाऊजींबद्दल दोन शब्द लिहायचे तर अडचण अशी की ते स्वतःच दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत. रूळ फिरवून फिरवून दंड असे झालेत की दाराची कडी धरली तर कडी वाकेल, पण आवाज असा की मुंगीसुद्धा दचकणार नाही. लग्न झालं नाही. म्हणजे आम्ही प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा एका घरी मुलगी बघायला आम्ही तिघं गेलो होतो. चहा झाला, मुलगी समोर येऊन बसली, सगळे गप्पा मारताहेत, आणि आमचे हे महाशय मुलीच्या डोक्यावरच्या भिंतीकडे टक लावून. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काही विचारायचंय का?" तर म्हणाले, "तुमच्या कॅलेंडरवरचा लाल रंग जागेवरून सरकलाय." एवढंच. परत येताना हे रागाने एक शब्द बोलले नाहीत. भाऊजीही बोलले नाहीत, पण तो त्यांचा राग नव्हता, तो त्यांचा स्वभाव.

घरात त्यांना अजून करडू म्हणतात. मी म्हणत नाही, पण हे म्हणतात, आणि ह्यांची मावशी तर आल्या-गेल्यासमोर म्हणते. कारण असं: माझ्या सासूबाई भाऊजींच्या जन्मानंतर लगेच गेल्या. मी त्यांना पाहिलंच नाही. बाळ काही पचवेना. शेवटी शेजारची बकरी आणून दाराशी बांधली. चमच्याने पाजायचं काम ह्यांच्याकडे, आणि हे तेव्हा एवढेसे. एक दिवस कंटाळून ह्यांनी बाळ उचललं आणि सरळ बकरीच्या पोटाखाली नेऊन ठेवलं. बाळाने ओठ लावले. बकरी हलली नाही. घरातल्यांनी आरडाओरडा केला, पण बाळाला पहिल्यांदा पोटभर झोप लागली. ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगतात. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो, आणि ज्याची गोष्ट तो ताटात बघत जेवत राहतो.

आता ते चित्र. काही महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये एक चित्रकार आला. ग्रीकांची कसलीशी फार जुनी प्रेमकथा आहे, तिच्यावर त्याला मोठं रंगीत चित्र छापायचं होतं. चित्र असं की त्यात माणसं कमी आणि गुरंढोरंच जास्त. त्याची एक कच्ची प्रत भाऊजींनी घरी आणली, तेव्हा मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. गडद हिरवं आकाश. खाली जांभळा बैल आपल्याकडे पाठ करून बसलेला, जणू त्याला आपल्याशी बोलायचं नाही. वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या वाऱ्यावर उडणाऱ्या गुलाबी मेंढ्या. झाडाएवढा कोंबडा. तिरपं झालेलं तळं, पण पाणी सांडत नव्हतं. मधोमध निळीशार बकरी, मान वळवून पोटाखालच्या उघड्या बाळाकडे बघणारी. आणि पार कोपऱ्यात बोटाएवढे एक मुलगा आणि एक मुलगी, समोरासमोर, मध्ये कळप.

"देवाने मेंढ्या चांगल्या पांढऱ्या केल्या होत्या," मी म्हटलं. "ह्या माणसाला काय अडचण होती?"

"पहाटे अर्धवट झोपेत बघितलं तर अशाच दिसतात," भाऊजी म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

देवाच्या खोलीत ते चित्र लावायला मी नकार दिला. स्वयंपाकघरात लावलं. पण सकाळी प्रार्थनेला बसले की उघड्या दारातून नेमकी ती निळी बकरी दिसते. काही दिवस मी दार लोटून घेत होते. मग वाटलं, आईवेगळ्या लेकराला देवाने बकरी पाठवली, ती कुठल्या रंगाची पाठवली ह्यावर मी कोण बोलणार. आता दार उघडंच असतं.

चित्राचं काम बरेच आठवडे चाललं, आणि ह्या सगळ्या काळात दगडाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या पाणीबाई. त्यांना प्रेसमध्ये सगळे हेच म्हणतात, कारण स्पंज त्यांच्याकडे असतो. आधी त्यांचा नवरा स्पंजावर होता. तो गेला, आणि तेराव्या का चौदाव्या दिवशी त्या येऊन त्याच्या जागी उभ्या राहिल्या, त्याचाच ॲप्रन घालून. तेव्हापासून भाऊजी अलीकडे आणि त्या पलीकडे. त्यांनी पाणी फिरवायचं, भाऊजींनी शाई फिरवायची. तरुणपणापासून केस पांढरे होईपर्यंत. पाणीबाईंना बोलायला फार लागतं. भाऊजींना ऐकायला काही हरकत नसते. मी प्रेसमध्ये डबा द्यायला गेले की बघायची. त्यांचं तोंड चालू, भाऊजींचा रूळ चालू, आणि कुणाचाच ताल चुकत नाही.

तो चित्रकार त्यांना काम करता करता गोष्ट सांगायचा. दोन टाकलेली बाळं असतात, एकाला बकरी पाजते, दुसरीला मेंढी. दोघं मोठी होतात, शेजारी शेजारी कळप राखतात, आणि एक दिवस दोघांनाही काहीतरी व्हायला लागतं. भूक जाते, झोप जाते, पण ह्या दुखण्याला म्हणतात काय तेच माहीत नाही.

"इतकी वर्षं गुरंढोरं राखून कळलं नाही होय?" पाणीबाई म्हणाल्या. चित्रकार म्हणे पोट धरून हसला.

त्याच दिवशी, चित्रकार गेल्यावर, भाऊजी रूळ थांबवून म्हणाले होते, "मीपण."

"मीपण काय?"

"बकरीवर वाढलो."

आणि पाणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग पुढे काय झालं तिचं? त्या बकरीचं?"

हे मला भाऊजींनीच त्या रात्री जेवताना सांगितलं, आणि घास हातात धरून म्हणाले, "वहिनी, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं." मी तरी कुठे विचारलं होतं? मग त्यांनी सांगितलं की ते शाळेत जायला लागले तरी ती होती, शाळेतून आले की दारात हुंगायची, आणि मेली तेव्हा ते रडले म्हणून सगळे हसले होते. हेही शेजारी जेवता जेवता ऐकत होते. ह्यांनी ताटातलं तसंच ठेवून पाणी प्यायलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस घरात करडू हा शब्द कुणी काढला नाही.

पण पाणीबाईंचं जायचं ठरलं होतं. दुसऱ्या गावी त्यांची भाची आहे, तिला बाळ झालंय, तिने बोलावलं. "इथे माझं आहे कोण?" त्या म्हणायच्या. "एक खोली आहे, तिला काय, भाडेकरू कुणीही चालतो. ही बकऱ्यामेंढ्या आणि ते मुख्याध्यापक, एवढं उरकलं की मी निघाले." मुख्याध्यापक म्हणजे एका शाळेतले, निवृत्त होणारे. शाळेने त्यांची तसबीर छापायला दिली होती. आणि ती त्याच दगडावर छापायची होती ज्याच्यावर निळा रंग होता. म्हणजे बकरी.

इतकं सगळं माहीत असून मी काय केलं? दिव्याजवळ बसून देवाला सांगत राहिले की बाबा, ह्या माणसाच्या जिभेवरचा धोंडा तेवढा उचल. देव ऐकतो, पण घाई करत नाही.

"नीट सांगा," मी गच्चीत म्हटलं. "झालं काय?"

भाऊजींनी चादर ताणली, मी ताणली, आणि ती मधून दुमडत आम्ही जवळ आलो, तसं ते थोडं थोडं बोलले. सकाळी तसबीर छापायला घेतली. सुरुवातीचे कागद चांगले आले. मग मुख्याध्यापकांच्या खांद्यावर धुरकट काहीतरी दिसायला लागलं. मग त्याला शिंगं आली. मग मान, आणि ती वळलेली. मालक आत आले, कागद उचलला आणि ओरडले, "ह्यांनी जन्मभर पोरं वळली, बकऱ्या नाही! दगड कुणी घासला?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"आणि बघितला कुणी?"

प्रेसचा नियम आहे. रूळवाल्याने दगड घासायचा, आणि पाणीवाल्याने त्याच्यावर पाणी फिरवून, खिडकीकडे तिरपं वाकून बघायचं. जुन्याचा जरा माग असला तरी ओल्या दगडावर तिरप्या उजेडात दिसतो. काही नसेल तर पाणीवाल्याने "स्वच्छ" म्हणायचं. त्याने म्हटल्याशिवाय दगड पुढे जात नाही.

"मी बघितला," पाणीबाई म्हणाल्या. "बकरी दिसत होती. मी स्वच्छ म्हटलं."

"दिसत असताना? का?"

"ह्यांनी ठेवली होती म्हणून."

भाऊजी चादरीची टोकं माझ्या हातात देऊन पुन्हा खालची घडी उचलायला वाकले.

"आणि मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही?"

"ॲप्रन काढला आणि आलो. डबा तिथेच राहिला."

"अहो भाऊजी," मी म्हटलं, आणि माझा आवाज शेजारच्या गच्चीपर्यंत गेला असेल, "ती बाई चार लोकांत मालकांसमोर एवढं बोलली, आणि तुम्ही माझ्या चादरी धरायला आलात?"

ते चादरीची कड जुळवत राहिले.

"मुद्दाम ठेवलीत का बकरी?"

"ठरवून नाही." ते म्हणाले. "तवा फिरवत होतो. तिथे आलं की हात आपोआप वळायचा. एकदा वाटलं, परत घासावं. मग वाटलं, हे पुसलं की मुख्याध्यापक. मुख्याध्यापक झाले की..." नंतर म्हणाले, "पेटी सकाळीच पार्सलला दिली त्यांनी. संध्याकाळच्या गाडीने जाईल. त्या उद्या."

"तुम्हाला काय वाटलं होतं, त्यांनी बघितलंच नसेल?"

"हो. मला वाटलं, सुटलो."

ह्यावर मी त्यांना चांगलं सुनावणार होते. पण त्याची गरज पडली नाही. खालून जिन्यातून आवाज आला, "कुणी आहे का घरात? डबा टाकून पळालंय कुणीतरी!"

पाणीबाई वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. हातात भाऊजींचा डबा, अंगावर ॲप्रन तसाच, बोटांची टोकं नेहमीसारखी पाण्याने सुरकुतलेली. भाऊजी दोरीवरच्या चिमट्यांकडे असे बघायला लागले की जणू आयुष्यात पहिल्यांदाच चिमटे बघत होते.

मी डबा घेऊन कठड्यावर ठेवला आणि माझ्या हातातली टोकं पाणीबाईंच्या हातात दिली. "धरा हो जरा. माझं दूध उतू जात असेल."

दूध घरात नव्हतंच. देव माफ करील.

मी जिन्याच्या वळणावर थांबले. खाली स्वयंपाकघरात गेले असते, पण गुडघे दुखत होते, असं म्हणू या.

"ताणून धरा," पाणीबाईंचा आवाज आला.

"हं."

"मालक म्हणाले, दगड आजच्या आज परत घासा. रागावलेत. पण काढलं नाही कुणाला."

"हं."

"हं काय? उद्यापासून माझ्या जागी कोण येणार, ते तरी विचारलंत?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

चादर फडफडल्याचा आवाज. मग भाऊजी म्हणाले, "त्या जागी कुणी नको."

"हे तुम्ही मालकांना सांगताय की मला?"

"तुम्हाला."

"मग सरळ सांगा. मी काय दगड आहे, उलटं वाचायला?"

मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. बोल रे बाबा. आता तरी तो धोंडा उचल.

"जाऊ नका," भाऊजी म्हणाले. मुंगी दचकली असती एवढ्या मोठ्याने. "थांबा. इथे. म्हणजे माझ्याकडे. आमच्याकडे. म्हणजे वहिनींना विचारून..."

"वहिनींना काय विचारायचंय त्यात!" हे माझ्या तोंडून निघून गेलं.

मग पाणीबाई हसायला लागल्या. "दूध उतू गेलं वाटतं हो!"

मी वर गेले. आता लपण्यात अर्थ नव्हता. पाणीबाई हसत होत्या आणि ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसत होत्या. भाऊजींच्या हातात चादरीची घडी अशी तंतोतंत झाली होती, कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, की माझ्या हातून आयुष्यात झाली नाही. मला वाटतं, बोलताना दोघांच्याही लक्षात आलं नसेल की हात घडी करताहेत.

"भाचीला काय सांगू?" पाणीबाई म्हणाल्या, पण मला नाही, त्यांना.

"बाळाला बघायला जाऊ," भाऊजी म्हणाले. "दोघं. मग परत येऊ."

पाणीबाईंनी मान हलवली. "आणि बकरी?"

"ती पुसतो. नीट."

"पुसा. मुख्याध्यापकांना तिचा काय उपयोग. पण ह्या वेळी मी खरं सांगणार हं, दिसली तर दिसली म्हणेन."

"म्हणा," भाऊजी म्हणाले, आणि हसले. मी त्यांना दात दाखवून हसताना पाहिलंय ते एकदाच, आणि तेही आज.

मी म्हटलं, आता सगळ्यांनी खाली चला, चहा टाकते, आणि देवापाशी दिवा लावते, मग निवांत बोलू. तर पाणीबाई म्हणाल्या, "निवांत कसलं? माझे थंडीचे सगळे कपडे त्या पेटीत आहेत. ती संध्याकाळच्या गाडीत चढली तर मी इथे काय अंगावर घेऊ, ही चादर?" त्यांनी ॲप्रनच्या खिशातून पावती काढली. ती ओलसर झाली होती. भाऊजींनी चादरीची घडी माझ्याकडे दिली, पावती दोन्ही हातांनी घेतली, उजेडाकडे धरून नंबर वाचला, आणि डबा तसाच कठड्यावर ठेवून दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेले.

भाऊजी आत्ता पार्सल ऑफिसात गेले आहेत, पेटी सोडवून आणायला.